पोर्तो मोनिझची लाव्हाकुंडे : आधी भरती पाहावी, मग तारीख ठरवावी

पोर्तुगालच्या मदेइरा बेटाच्या वायव्य टोकाला पोर्तो मोनिझ हे गाव आहे. तेथे प्राचीन काळी समुद्रात उतरलेला लाव्हा थिजला, अटलांटिकच्या लाटांनी तो शतकानुशतके झिजवला आणि त्या काळ्या खडकांच्या आडोशाला खाऱ्या पाण्याची कुंडे तयार झाली. सप्टेंबरअखेरीस आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. पोहण्याची आवड असणाऱ्याने हे ठिकाण अवश्य पाहावे, मात्र दिवस आणि वेळ ठरवताना समुद्राचाच कल आधी घ्यावा.

गावात अशी दोन ठिकाणे आहेत. तिकीट असलेल्या मुख्य कुंडांचे क्षेत्रफळ सुमारे 3,800 चौरस मीटर असून खोली जास्तीत जास्त 2 मीटर आहे. तेथे जीवरक्षक, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि शॉवर आहेत, आणि काही ठिकाणी सिमेंटचे बांधकाम करून तळ व कडा सुरक्षित केल्यामुळे लहान मुले व ज्येष्ठांसाठी तीच योग्य. मत्स्यालय असलेल्या किल्ल्याजवळची काशालोत कुंडे विनामूल्य आहेत. मला तीच अधिक भावली. खडकांच्या सुळक्यांमधून वाट काढत पाण्यात उतरावे लागते; पाणी इतके नितळ की तळाशी खडकाला चिकटलेले शेवाळ आणि त्यातून सुळकन निघून जाणारे मासे वरूनच दिसतात. मात्र तेथील दगड धारदार व निसरडे आहेत. रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट घातल्याशिवाय उतरू नये.

या कुंडांत समुद्राचेच पाणी भरतीच्या वेळी कडा ओलांडून येते. कोकणात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तोच नियम येथेही लागू आहे. भरतीला बाहेरच्या खडकावर लाट फुटून पांढरा फेस कुंडात सांडतो, तेव्हा ते दृश्य काठावरून पाहावे. निवांत पोहायचे असेल तर ओहोटीच्या आगेमागे जावे.

भरतीपेक्षाही अधिक लक्ष द्यावे ते लाटांच्या उंचीकडे. दूरवरच्या वादळातून निघालेल्या लाटा निरभ्र दिवशीही उत्तर किनाऱ्यावर आदळतात, आणि मग कुंडे बंद ठेवली जातात. दक्षिणेकडील फुंशाल शहरात लख्ख ऊन व शांत समुद्र असला, तरी त्यावरून पोर्तो मोनिझचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून लाटांचा अंदाज आदल्या रात्री पाहावा आणि मुक्कामात एक दिवस राखीव ठेवावा. हिवाळ्यात तर हे फारच आवश्यक आहे.

फुंशालहून मोटारीने सुमारे तासाभराचा रस्ता आहे. रिबेइरा ब्रावावरून वर चढून 3 किलोमीटरहून लांब बोगद्यातून साओ व्हिसेन्तेला उतरले, की पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येते. वाटेत सेशाल येथे काळ्या वाळूचा किनारा आणि आणखी काही विनामूल्य कुंडे आहेत. पोर्तो मोनिझला गर्दी असल्यास तेथे थांबावे. बसही आहे, परंतु फेऱ्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधीच विचारून घ्यावी.

पाणी उन्हाळ्याच्या शेवटीही 23 अंशांच्या आसपासच असते, त्यामुळे बाहेर आल्यावर वारा झोंबतो. जाड टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी असावेत. गावात लसूण-लोणी लावून भाजलेले लापाश हे शिंपले मिळतात. शाकाहारी मंडळींना लसूण-लोण्याची बोलो दो काको ही गरम पोळी आणि मक्याच्या पिठाचे तळलेले चौकोनी तुकडे मागवता येतील.