अर्ध्या पाण्यावरची घाई

गिऱ्हाईक कोल्हापुरात राजारामपुरीतलं, जुनं. घरातलं किचन, देवघर सगळं माझ्याच हातचं. या वेळी म्हणाले, "मिस्त्री, सहा फुटी फिशटँक करायचाय. सगळा काचेचा लई महाग पडतोय, प्लायमध्ये बसवा." आम्ही जन्मभर प्लायला पाण्यापासून लांब ठेवतो, आणि इथं पाणी आतच भरायचं! तरी काम घेतलं.

१९ एमएमचा मरीन प्लाय आणला, आयएस ७१० या मरीन प्लायच्या सरकारी मानकाच्या शिक्क्याचा. पण पाणी अडवतं ते इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचं, वाळून कडक होणारं रेझिन. प्लाय नुसता ताकदीला. उद्यमनगरातल्या ओळखीच्या फायबरवाल्यानं बजावलं होतं, पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. म्हणून खर्च वाढला तरी इपॉक्सीच. कोपऱ्यात इपॉक्सीत लाकडाची बारीक पूड कालवून बोटानं गोलाई दिली, वर फायबरचं कापड, मग इपॉक्सीचे एकावर एक हात. त्यात पावसाळा. दमट हवेत इपॉक्सी वाळताना वर मेणचट थर धरतं. तो पाण्यानं धुवून, पॉलिश पेपर मारूनच पुढचा हात द्यायचा, नाहीतर वरचा थर सुटतो. पोरानं एकदा मगभर माल एकदम कालवला. तो मग हातात धरवेना इतका तापला, धूर निघाला आणि ब्रश आतच दगड झाला.

काचवाला म्हणाला, "पुढची काच बाहेरनं चिकटवू की, सोपं जातंय." मी ऐकलं नाही. काच आतून लावली, की पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. बाहेरून लावली तर सगळा भार एकट्या सिलिकॉनवर. सिलिकॉनही साधं घेतलं. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीचं औषध असतं, ते माशांना बाधतं.

वरच्या चौकटीला मधोमध, पुढची-मागची बाजू जोडणारी आडवी पट्टी घालणार होतो. मालकांना ती नको होती, दिसायला आडवी येते म्हणून. बरं म्हटलं, पण खाचा पाडून ठेवल्या.

सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास गेल्यावर वर्कशॉपमध्येच पाणी सोडलं. आधी पुढच्या काठावर, चौकट फुगली तर कळावं म्हणून, दोन टोकांच्या खिळ्यांना दोरा ताणून बांधला. पाणी फूटभर चढलं, दोरा आणि चौकट एका रेषेत. एक थेंब गळती नाही. मालक खूश, चहा सांगायला निघाले. मी म्हटलं, "थांबा ओ, अजून पाव कामच झालंय." टाकी अर्धी भरली होती, पण पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गानं वाढतो. फूटभर पाण्याला काचेवर ८५ किलो, तर दोन फुटांना ३४०! एकूण पाणी ६८० लिटर, पण वजन जमीन झेलते. रेटा मात्र चौकटीलाच झेलायचा.

दीड फुटाच्या वर दोऱ्याखालून चौकट बाहेर सरकायला लागली. काठोकाठ भरलं तेव्हा मधोमध पेन्सिलीच्या शिश्याएवढा फुगवटा. मालक खाली वाकून एक डोळा मिटून बघत राहिले, मग म्हणाले, "मिस्त्री, ती पट्टी घालाच."

पाणी उपसलं, टाकी कोरडी केली, खाचांत इपॉक्सी भरून पट्टी ठोकली. परत भरल्यावर दोरा सरळ.

टाकी आता त्यांच्या हॉलमध्ये आहे, नुसता फिल्टर फिरतोय. मासे काही आठवड्यांनी. मध्यंतरी त्यांच्या पाहुण्यांचा फोन आला, त्यांना तीन फूट उंचीची पाहिजे. लांबी म्हणाल तेवढी करतो म्हटलं, पण फूटभर उंची वाढली की रेटा सव्वादोन पट. दर त्या हिशेबानं सांगितला. अजून परत फोन नाही.