तात्यांच्या खडपावर मी बटण दाबलं

या पोस्टमध्ये नकाशा नाही. शेवटपर्यंत वाचलंत तर का नाही ते कळेल.

डिसेंबरात पाच दिवस मालवणला होतो. त्यातले तीन तारकर्लीच्या गर्दीत वाया गेले. दर दुसऱ्या माडाखाली कुणीतरी स्पीकर लावून बसलेलं. त्याबद्दल याहून जास्त लिहायची इच्छा नाही. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला तात्यांच्या होडीत चढलो.

तात्या म्हणजे आमच्या घरमालकीणबाईंचे दीर. जाळं नाही, गरवायला जातात: दोरा, शिसं, गरी आणि डब्यात माकुलाचे तुकडे. सोबत पुतण्या. माझ्या गळ्यात हातात धरायचं जीपीएस, ट्रेकसाठी घेतलेलं. धुक्यात एकदा चुकीच्या धारेने उतरलो होतो, तेव्हापासून ते सोडून मी भाजी आणायलासुद्धा जात नाही, असं बायको म्हणते.

हे यंत्र खरं तर परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी आणि मासे गरवणाऱ्यांसाठी बनवलेलं. जागेवर खूण करायची चिन्हं बघाल तर मचाण, बदक, जनावराची पावलं, एवढंच काय, रक्ताचा माग असंही एक चिन्ह आहे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे मी ते चिन्ह पाण्याच्या टाक्यांसाठी वापरतो. चंद्र बघून मासेमारीचा दिवस कसा जाईल ते सांगणारं एक पानही त्यात आहे. त्या दिवशी त्यावर ‘उत्तम’ होतं. तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “माशांका वाचूक येता काय तां?”

त्यांचं यंत्र माझ्याहून जुनं, दुधाच्या पिशवीत घालून वर रबरबँड. आत जागांना नावं नाहीत, नुसते आकडे. ०१७, ०२३. कुठला आकडा म्हणजे कुठलं खडप, म्हणजे पाण्याखालचा कुठला खडक, हे तात्यांच्या डोक्यात. वाचून घेतलं तरी उपयोग शून्य.

मागून मतलई होता, पाणी शांत. अंधारात होडी यंत्रावरच्या बाणामागे चालली होती. किनाऱ्यावरचे दिवे पुसट झाल्यावर पुतण्याने इंजिन मंद केलं आणि माझ्या यंत्रावरचा बाण गरगरायला लागला. मला वाटलं बिघडलं. पण त्याला दिशा कळते ती चालीवरून. थांबलेल्या होडीचं तोंड कुणीकडे आहे हे त्याला कुठून कळणार? तात्या बाणाकडे बघतच नव्हते. त्यांचं लक्ष आकड्यांवर. अंश, मिनिटं आणि मिनिटांच्या पुढचे तीन आकडे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. शेवटचा आकडा एकाने हलला की जेमतेम दोन मीटर. (हेच आकडे नुसते अंश समजून मोबाइलमध्ये घातले तर काय होतं, ते मी आदल्या रात्री करून पाहिलं होतं. मालवण बंदर वीसेक किलोमीटर भर समुद्रात गेलं.)

खडप खाली अकरा वाव, म्हणजे साधारण वीस मीटर. तात्या त्याच्यावर थांबले नाहीत, पाण्याच्या ओढीच्या उलट पुढे गेले, तिथे नांगर टाकला आणि दोर हळूहळू सोडत होडी मागे येऊ दिली. आकडे जुळले तसा दोर बांधला. पहिली गरी तळाला लागते न लागते तोच पुतण्याच्या हाताला झटका. वर आली ती तांबोशी, पहाटेच्या उजेडात तांब्याच्या घंगाळासारखी.

आणि माझ्या अंगठ्याने बटण दाबलं. सवय. चांगली जागा दिसली की खूण करायची. यंत्र ‘टुक’ वाजलं.

तात्यांनी दोरा सोडला. “काय केलंस?” सकाळपासून मी ‘तुमी’ होतो.

“काही नाही, खूण...”

“आदी तां पूस, मगे गरव.”

मी पुसलं. त्यांनी स्क्रीन स्वतः बघितली. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. दोन हेकरू आले, एक गोबरा निसटला, तरी नाही. मला राग आला होता, खरं सांगतो. पैसे दिले होते मी, डिझेलचे. शिवाय मी पुण्याहून परत येऊन यांचे मासे चोरणार होतो का?

परतताना तात्या आपणहून बोलले. ही जागा “बापाशीन दाखवल्यान”, ते बारा वर्षांचे असताना. देवळाचा कळस डोंगरातल्या खाचेखाली आणि एक उंच माड दुसऱ्या टेकडीच्या टोकावर. दोन्ही जोड्या जुळल्या की खाली खडप. २०२१ च्या तौक्ते वादळात तो माड पडला. त्यानंतर त्यांनी ते यंत्र कुणाकडून तरी जुनं घेतलं. पहिली खूण घेण्याआधी माड नसलेल्या टेकडीकडे बघत चार दिवस नुसते दोरे बुडवले.

पाचवा दिवस झोपेत गेला.

पुण्यात यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि पोटात गोळा आला. खूण पुसली होती, पण चालल्या वाटेची नोंद ते आपली आपण ठेवतं. किनाऱ्यावरून निघालेली जांभळी रेघ, आणि टोकाला लोकरीच्या गुंड्यासारखी गाठ. बरोबर तात्यांच्या खडपावर.

दोन दिवस तशीच ठेवली. मग फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता.

“नांगरार होडी खंय खंय फिरली, तां दिसता त्याच्यात?”

“दिसतं. आधी दक्षिणेला होती, मग उत्तरेला वळली.”

“कितीक वाजता?”

“नऊ वाजून दहा मिनिटांनी.”

ओढ फिरल्याची वेळ ते मागे वळून कुणाला तरी वहीत लिहायला सांगत होते.

“बरा,” तात्या म्हणाले. “आता पूस.”