आमची वाटचाल : दगडांखालचा बर्फ

चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : "बर्फ मिळेल ना?" आम्ही सांगतो, "मिळेल, पण दगडांखाली." निम्मे फोन तिथेच संपतात. उरलेल्या निम्म्यांवर आमची कंपनी चालते.

कंपनी म्हणजे मी, माझा भागीदार, हिशेब बघणारी एक मैत्रीण आणि गढवाल-कुमाऊंमधली आमची माणसं. हंगामात गोतावळा वाढतो, पावसाळ्यात आम्ही तिघंच उरतो. लोकांना हिमनद्यांपर्यंत, आणि जमेल तिथे हिमनदीवर चालत नेणं हा आमचा धंदा. शिखरं आम्ही करत नाही. "समिट नाही का?" असं विचारणाऱ्यांना आम्ही दुसऱ्या चांगल्या लोकांकडे पाठवतो.

सुरुवात सगळ्यांसारखीच, सह्याद्रीत. शनिवार-रविवारचे किल्ले, पावसाळी ट्रेक, एखाद्या सुळक्यावर दोर लावणं. आम्ही दोघांनीही उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स केले होते. तिथे हिमनदीवर पायात क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाला बांधायचे अणकुचीदार काटे, घालून चालायला शिकवतात, क्रेव्हासमधून, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेतून, माणूस दोरानं कसा वर घ्यायचा ते घोटून घेतात. परत आल्यावर आमच्याबरोबर किल्ले करणारेच विचारू लागले, की हिमालयात कधी नेताय. मग कुमाऊंमधली पिंडारी हिमनदी ठरली.

पिंडारी निवडण्यामागे साहस कमी आणि हिशेब जास्त होता. वाट सोपी, धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया अशा मुक्कामांवर कुमाऊं मंडल विकास निगमची विश्रामगृहं, त्यामुळे तंबूंचा खर्च नाही. दोर लागत नाही. शेवटचा टप्पा झिरो पॉइंट, उंची 3,660 मीटर, म्हणजे उंचीचा त्रास फार वाढण्याआधी माणूस परतीला लागतो. पहिल्यांदा हिमालयात येणाऱ्या पन्नाशीच्या काका-काकूंनाही हे झेपतं. खातीचे जे गाईड तेव्हापासून आमच्याबरोबर आहेत त्यांना आम्ही सगळे दाज्यू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी ऐकवलं होतं, की 1830 साली कुमाऊंचे ब्रिटिश कमिशनर ट्रेल यांच्या सांगण्यावरून पिंडारीच्या डोक्यावरची खिंड ओलांडली ती सूपी गावच्या मलक सिंह यांनी, आणि नकाशावर नाव लागलं ते मात्र ट्रेल साहेबांचं. हे ते आजही प्रत्येक ग्रुपला सांगतात, आणि सांगताना दर वेळी तितकेच चिडतात.

जून 2013 चा पूर आला तेव्हा आमचं बस्तान नुकतं बसत होतं. केदारनाथची बातमी सगळ्यांना माहीत आहे. पिंडारीच्या खोऱ्यातही पूल गेले, वाटा गेल्या. त्या हंगामाची सगळी बुकिंग रद्द केली, ॲडव्हान्स परत केले, आणि दोघांनी नोकरीचे अर्ज टाकले. भागीदाराला नोकरी लागली, मला नाही. त्यामुळे कंपनी बंद पडायची राहिली! तो पगारातून गाडा ओढायचा, मी फोनवर बसायचे. आता पिंडारीचा गाडीरस्ता खाती गावाच्या अलीकडे खरकियापर्यंत गेला आहे, जुने दोन मुक्काम कमी झाले आहेत. सोय झाली खरी, पण धाकुरीच्या चढावर पहिल्या दिवशी जे पाय मोकळे व्हायचे, फुप्फुसं उघडायची, ते आता होत नाही. आम्ही म्हणूनच अजून जुन्या सुरुवातीपासून, लोहारखेतवरून, चालवतो. "गाडी जाते तर चालायचं कशाला?" याची तक्रार पहिल्या दिवशी येते. तिसऱ्या दिवशी ती आपोआप मिटते.

धंद्याला खरं वळण मिळालं ते गोमुखाला.

गंगोत्रीहून गोमुख 18 किलोमीटर. वाटेत चीडबासा, भोजबासा. परवाने वन विभागाचे, दिवसाला 150 माणसांची मर्यादा, कनखूच्या नाक्यावर प्लास्टिकची मोजदाद. गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब, चौखंब्याच्या बाजूनं खाली येणारी. एवढं मोठं नाव ऐकून आलेला माणूस भोजबासाच्या पुढे जातो आणि समोर बघतो तर काय, करड्या दगडांचं रान. एखाद्या मोठ्या धरणाच्या कामावर टाकलेला राडारोडा वाटावा असा. मुखाशी, म्हणजे हिमनदीच्या खालच्या टोकाशी, बर्फाची काळपट-निळी भिंत दिसते तेवढीच. बाकी सगळं दगड, वाळू, चिखल.

आमच्या एका ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. वाटेतल्या एका छोट्या हिमनदीच्या कडेला, जिथे जायला हरकत नसते अशा जागी, आम्ही थांबलो होतो. काका वैतागून म्हणाले, "अहो, हिमनदी कुठेय? एवढे पैसे घेतलेत." मी आइस ॲक्स घेतली आणि त्यांच्या बुटापाशीच दगड बाजूला करायला लागले. वरचे मोठे दगड, खाली खडी, त्याखाली ओली बारीक वाळू. वाळू खरवडली आणि ॲक्सचं पातं टणक वाजलं. हातानं पुसल्यावर खाली काळपट काचेसारखा बर्फ, आत हवेचे बुडबुडे, त्यांच्यामध्ये अडकलेली वाळूची कणी, आणि वरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा वाहत चाललेला. काका गुडघ्यावर बसले. त्यांनी तळहात ठेवला, चटकन काढला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण मघापासून ज्याच्यावर उभे आहोत ते सगळंच तसं आहे. पुढचा तासभर ते ग्रुपमधल्या प्रत्येकाला बोलावून तो खड्डा दाखवत होते.

त्यानंतर आम्ही पत्रकावरचे फोटो बदलले. तोवर आम्हीही इतरांसारखेच पांढऱ्याशुभ्र उतारांचे फोटो टाकायचो. ते फोटो खोटे नव्हते, पण एप्रिलच्या ताज्या हिमाचे होते. आता पहिलाच फोटो दगडांचा असतो. चौकश्या कमी झाल्या. आम्हाला गिऱ्हाईक पाठवणाऱ्या एका एजन्सीनं "असे फोटो लावून कोण येणार?" असं म्हणत काम थांबवलं. वर्षभर ताण गेला. पण जे आले ते कशासाठी येतोय हे ठाऊक असलेले होते, आणि मुक्कामाच्या जागी संध्याकाळी होणारी "आम्हाला वाटलं होतं की..." ही तक्रार बंद झाली. ज्यांनी हा धंदा केला आहे त्यांना त्या तक्रारीची किंमत कळेल.

दगडांची गोष्ट सांगायला आम्हाला आवडतं, कारण ती उलटसुलट आहे. बर्फावर धुळीचा अगदी पातळ थर असला तर तो ऊन शोषतो आणि बर्फ लवकर वितळतो. थर जाड झाला की तोच बर्फाला झाकतो आणि वितळणं मंदावतं. म्हणून एखादा मोठा धोंडा बर्फाच्या खांबावर टेबलासारखा उभा दिसतो : त्याच्या सावलीतला बर्फ टिकलेला, आजूबाजूचा खाली गेलेला. अशा टेबलाखाली आम्ही कुणाला बसू देत नाही. फोटो लांबून. दगडांमधल्या पाण्याच्या डबक्यांभोवती बर्फाचे उघडे कडे असतात, दुपारी त्यांच्यावरून दगड सुटतात. ऊन चढल्यावर ओढ्यांचं पाणीही वाढतं. सकाळी ज्या ओढ्यात घोट्याएवढं पाणी होतं तो दुपारी मांडीपर्यंत येऊ शकतो. त्यामुळे आमचे ग्रुप अंधारात उठतात आणि दुपारच्या आत ओढ्यांच्या अलीकडे येतात. याला अपवाद नाही, वाढदिवस असला तरी नाही.

गोमुखाबद्दल एक गोष्ट लोक हमखास विचारतात : मागे सरकतंय का? सरकतंय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या ऑडन यांनी 1935 मध्ये मुखाचा नकाशा काढला होता. तेव्हापासून मुख किलोमीटरभराहून जास्त मागे गेलं आहे. आमच्या कामात याचा अर्थ इतकाच, की गेल्या हंगामातली वाट या हंगामात धरता येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला आमची माणसं ग्रुपच्या आधी जाऊन येतात, ओढे कुठून ओलांडायचे ते ठरवतात. हा खर्च आम्ही शुल्कात धरतो आणि दरपत्रकात वेगळा दाखवतोसुद्धा. त्यावर घासाघीस होते. करू देतो, कमी करत नाही.

2018 च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला. मोठ्या कंपन्यांचे अर्धे ट्रेक त्या कुरणांवरच होते. आमचे मुक्काम विश्रामगृहांत आणि परवानगीच्या जागी, त्यामुळे आम्हाला झळ बसली नाही. उलट एकदम गर्दी झाली. ती आम्ही सगळी घेतली नाही. माझं मत विचाराल तर गवताची जी दशा झाली होती ती बघता काहीतरी करणं भागच होतं. पण तंबू लावून पोट भरणाऱ्या गावांचा विचार मागाहून झाला, हेही खरं.

पुढे 2020 गेलं ते गेलंच. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

7 फेब्रुवारी 2021 ला चमोलीत ऋषीगंगेला लोंढा आला आणि दिवसभर टीव्हीवर एकच ओळ फिरत होती : हिमनदी फुटली. आमचे फोन थांबेनात. मुलांचे आईवडील, आधी येऊन गेलेले लोक, उन्हाळ्याचं बुकिंग केलेले. प्रत्यक्षात रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटून खाली कोसळला होता. खाली येता येता बर्फाचं पाणी झालं आणि गाळासकट तो लोंढा वीजप्रकल्पांवर आदळला. दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. "तुमची हिमनदी फुटणार नाही ना?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे समजावत बसलो. अशा उतारांखाली आमची वाट नेमकी कुठे जाते, कुठे थांबत नाही, हेही सांगितलं. "काही होणार नाही" असं मात्र कुणालाच सांगितलं नाही. ज्यांना तेच ऐकायचं होतं त्यांचे पैसे परत केले.

उंचीचं प्रकरण मात्र दर वर्षी नव्यानं लढावं लागतं. उत्तरकाशी साडेअकराशे मीटरच्या आसपास, गंगोत्री तीन हजारांवर. गाडीनं एका दिवसात एवढं चढून दुसऱ्या दिवशी चालायला लागलं की डोकं धरतं. म्हणून आम्ही गंगोत्रीत एक पूर्ण दिवस थांबतो. रजेचा हिशेब करणाऱ्यांना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. त्यात आता प्रत्येकाच्या खिशात ऑक्सिमीटर आलं आहे, आणि संध्याकाळी लोक एकमेकांचे आकडे दहावीच्या मार्कांसारखे विचारतात. आम्ही आकडा बघतोच, पण त्याआधी माणूस बघतो. जेवला का, चिडचिड करतोय का, सरळ रेषेत चालतोय का. गप्पिष्ट माणूस गप्प झाला तर लीडरनं त्याच्या शेजारी चालायचं, हा आमचा नियम लेखी आहे. लक्षणं वाढली तर खाली, रात्री असली तरी खाली, आणि त्याबद्दल वाद लीडरशी नाही, परतल्यावर माझ्याशी.

पोर्टरचं ओझं 20 किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, हाही असाच लेखी नियम. काटा आम्ही बरोबर नेतो. पहिल्या मुक्कामावर तो लटकवला की सॅकमधून काय काय बाहेर येतं! इस्त्री केलेले कपडे आणि एकदा तर एक पोर्टेबल स्पीकर. स्पीकर गंगोत्रीतच राहिला.

अलीकडे आम्ही लडाखकडे वळलो आहोत, झंस्कारच्या वाटेवर, पेन्सी ला या खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंगकडे. ही हिमनदी सुमारे 23 किलोमीटरची, कारगिल-पदुम रस्त्यावरूनच दिसते. मधला पट्टा पांढरा, त्यातून मोरेनच्या, म्हणजे हिमनदीनं वाहून आणलेल्या दगडमातीच्या, काळ्या रेघा वळत गेलेल्या. ज्यांना खरंच बर्फावर पाय ठेवायचा आहे त्यांना आता आम्ही इकडे नेतो, पण लहान ग्रुप आणि दोराला बांधून. खिंडीची उंची 4,400 मीटरच्या आसपास, त्यामुळे लेहमध्ये किंवा कारगिलमध्ये आधी मुक्काम हवाच.

गंमत म्हणजे क्रॅम्पॉन शिकताना सह्याद्रीतले पट्टीचे लोकच सगळ्यात जास्त अडखळतात. कातळावर त्यांना बुटाच्या टोकावर, कडेवर उभं राहायची सवय. क्रॅम्पॉनला पूर्ण तळवा टेकवावा लागतो, सगळी टोकं एकदम रुतायला हवीत. पाय नेहमीपेक्षा फाकवून टाकायचे, नाहीतर एका पायाचं टोक दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये, म्हणजे पोटरीवरच्या कापडी आवरणात, अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. पहिल्या अर्ध्या तासात निम्म्या गेटर फाटतात, म्हणून आता भाड्याच्या गेटरवर आम्ही आधीच जाड कापडाचं ठिगळ शिवून ठेवतो. ज्यांनी कधीच कातळ चढलेला नाही ते मात्र सांगू तसं चालतात आणि पुढे निघून जातात. सुळकेवाल्यांना हे फार लागतं.

5 ऑगस्ट 2025 ला धरालीत पूर आला. गंगोत्रीच्या वाटेवरचं गाव, आमचे ग्रुप तिथे चहाला थांबायचे. रस्ता तुटला, आणि पावसानंतरचं आमचं गोमुख आम्ही रद्द केलं. काही जणांनी पैसे परत न घेता तिथल्या माणसांसाठी ठेवायला सांगितलं. ते आम्ही ओळखीच्या कुटुंबांपर्यंत पोचवले आणि हिशेब पैसे देणाऱ्यांना पाठवला.

सध्या आमच्याकडे पिंडारी, गोमुख आणि द्रांग-द्रुंग एवढ्याच वाटा आहेत. कफनी वाढवावी असं दाज्यूंचं म्हणणं आहे. द्वालीहून ती वेगळी फुटते आणि तिकडे गर्दी नसते. द्वालीच्या पुढची वाट ते स्वतः बघून आले की ठरवू. द्रांग-द्रुंगला येणाऱ्यांसाठी निघण्याआधी सह्याद्रीत एक दिवस दोर, हार्नेस आणि गाठींचा सराव असतो, तो टाळता येत नाही. "मी आधी केलंय" असं म्हणणाऱ्यांनाही नाही. त्यांची गाठ आम्ही जरा जास्त ओढून बघतो.