उहुरू पार्क ते करुरा : वांगारी माथाईंचे नैरोबी

केनियाची राजधानी असलेल्या नैरोबीच्या मध्यभागातील उहुरू पार्कमध्ये फिरताना मला सतत तेथे नसलेल्या इमारतीची आठवण होत होती. 1989 मध्ये सत्ताधारी पक्ष या बागेत 60 मजली मनोरा उभारणार होता. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाईंनी पत्रे लिहून त्याला विरोध केला, तेव्हा संसदेत त्यांची टिंगल झाली, पण अखेर ती योजनाच गुंडाळावी लागली. याच बागेच्या एका कोपऱ्यात 1992 मध्ये माथाई राजकीय कैद्यांच्या आयांसोबत उपोषणाला बसल्या आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन बेशुद्ध झाल्या.

आपल्याकडे त्या ‘झाडे लावणाऱ्या नोबेलविजेत्या’ म्हणूनच माहीत आहेत. मला ही ओळख अपुरी वाटते. सरपण आणि पाण्यासाठी वणवण करणाऱ्या खेड्यांतील बायकांना हाताशी धरून त्यांनी 1977 मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, तेव्हा रोप लावल्याचे नव्हे, तर ते जगल्याचे पैसे मिळतील, अशी अट होती. (वृक्षलागवडीचे विक्रम जाहीर करणाऱ्या आपल्या सरकारी खात्यांनी ही अट जरूर घालून पाहावी.) मात्र रोप ज्या जमिनीत लावायचे ती कोणाच्या घशात जाते आहे, हेही त्या विचारत राहिल्या.

या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत त्यांनी शहराच्या उत्तरेकडील करुरा जंगलात मोजली. हे राखीव वन तुकड्यातुकड्यांनी बिल्डरांना दिले जात होते. जानेवारी 1999 मध्ये माथाई तेथे रोपे लावायला गेल्या असता भाडोत्री गुंडांनी त्यांचे डोके फोडले आणि पोलीस ठाण्यातील तक्रारीवर त्यांनी स्वतःच्या रक्ताने सही केली. त्याच वर्षी केनियाचे तेव्हाचे अध्यक्ष मोई यांना सार्वजनिक जमिनींचे वाटप थांबवल्याचे जाहीर करावे लागले.

आज त्या जंगलात सकाळी धावणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची वर्दळ असते. भोवती विजेचे कुंपण आहे आणि आत जायला तिकीट लागते. सार्वजनिक जमिनीसाठी रक्त सांडलेल्या बाईला हे तिकीट रुचले असते का, असा प्रश्न मला धबधब्याकडे उतरताना पडला. पण एके काळी लुटारूंच्या भीतीने ओस पडलेल्या याच पायवाटांवर समोरून एकट्यादुकट्या बायका निर्धास्तपणे येत होत्या आणि त्यामुळे माझी तक्रार बरीच बोथट झाली.