टॉस जिंकला आणि दोन्ही हाफला किक मारली

शुक्रवारी दुपारी चारला मी ऑफिसचा लॅपटॉप मिटतो आणि डिकीतून पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट बाहेर काढतो. ओहायोत ऑगस्टच्या अखेरीपासून शुक्रवारची रात्र म्हणजे हायस्कूल फुटबॉलची रात्र. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू काखेत मारून पळायचा तो. मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. तिच्यापायी दर आठवड्याला स्टँडमध्ये कुडकुडत बसावं लागे आणि न कळणारा खेळ नुसता बघत बसणं मला जमत नाही. क्लास लावला, परीक्षा दिली, आठ वर्षं लाइन जज, म्हणजे कडेचा पंच, म्हणून साइडलाइनवर काढली. पांढरी टोपी, म्हणजे मुख्य पंचाचं रेफरीपद, डोक्यावर येऊन तिसरा सीझन चालू होता. साल 2024, ऑक्टोबरचा शेवट.

टॉसचं सांगण्याआधी थोडं गणित सांगायला हवं. मी साताऱ्याचा, क्रिकेटवर वाढलेला. आपल्याकडे टॉस म्हणजे बॅटिंग की बोलिंग, विषय संपला. हरलेल्यानं गुमान फील्डिंग लावायची. इथं तसं नाही. प्रत्येक हाफच्या सुरुवातीला दोन गोष्टी ठरतात: किक मारून चेंडू समोरच्याला कोण देणार आणि कोण घेणार, ही एक, कोण कुठल्या बाजूला उभं राहणार, ही दुसरी. पहिली निवड ज्याची त्यानं यातली एक उचलली की दुसरी आपोआप समोरच्याकडे जाते. दुसऱ्या हाफला हा मान उलटा फिरतो. टॉस जिंकणाऱ्याला तिसरीही वाट असते. ‘आत्ता नको, माझी निवड दुसऱ्या हाफला’ असं सांगायचं. याला म्हणतात डिफर करणं. व्यावसायिक एनएफएलमध्ये ही मुभा 2008 साली आली, शाळा-कॉलेजांत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. हल्ली जो तो डिफरच करतो. कारण सोपं आहे. पहिला हाफ संपता संपता चेंडू आपल्याकडे असला आणि दुसऱ्याची सुरुवातही आपल्याच ताब्यातून झाली, तर मधल्या विश्रांतीसकट बराच वेळ समोरच्याच्या हाती चेंडूच लागत नाही.

आता यातली मेख. डिफर केलं की समोरचा बहुधा चेंडू घेतो, म्हणजे डिफर करणाऱ्याला सुरुवातीला किक मारावी लागते. म्हणून पोरांच्या डोक्यात ‘डिफर म्हणजे किक’ असं पक्कं बसलेलं असतं. पण तोंडानं ‘किक’ म्हटलं की पहिल्या हाफची निवड वापरून झाली. दुसऱ्या हाफला निवड समोरच्याची, आणि तो चेंडू मागणार हे सांगायला ज्योतिषी नको. टॉस जिंकूनही दोन्ही हाफला किक मारायची पाळी येते.

त्या संध्याकाळी वारा पश्चिमेकडून सुटला होता आणि मैदान नेमकं पूर्व-पश्चिम. पाहुण्या संघाच्या कोचना मी सामन्याआधी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘टॉस जिंकलात तर?’ ते बुटाची नाडी बांधत होते, मान वर न करता म्हणाले, ‘डिफर.’ मी खिशातल्या कार्डावर पेन्सिलीनं पाहुण्यांच्या नावापुढे ‘डी’ लिहून टाकला. ही माझी पहिली चूक. टॉस व्हायचा होता आणि माझ्या कार्डावर तो होऊन गेला होता.

मैदानाच्या मध्यावर दोन्हीकडचे चार-चार कॅप्टन आले. बँड कानाशी वाजत होता. माझ्याकडे केनेडीचं अर्ध्या डॉलरचं नाणं असतं. मोठं असल्यानं गारठलेल्या बोटांनाही सापडतं. मुलांना दोन्ही बाजू दाखवल्या, हा चेहरा हेड्स, हा गरुड टेल्स. आमच्या क्रूत नाणं उडवण्याआधी कॉल घेतात आणि अंपायर, म्हणजे इथं रेफरीच्या हाताखालचा पंच, तो मोठ्यानं परत म्हणतो. 1998 च्या थँक्सगिव्हिंगला पिट्सबर्ग आणि डेट्रॉइटच्या सामन्यात ओव्हरटाइमच्या, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळाच्या, टॉसला पिट्सबर्गचा जेरोम बेटिस हेड्स म्हणाला की टेल्स, यावरून जी शोभा झाली, ती प्रत्येक रेफरीच्या मनात कायमची बसली आहे. पाहुण्यांचा पुढे झालेला कॅप्टन सतराएक वर्षांचा, दाढीचे चार केस, दातांचा गार्ड हेल्मेटच्या जाळीत खोचलेला. म्हणाला टेल्स. नाणं टर्फवर पडलं, रबराच्या काळ्या दाण्यांत रुतलं, गरुड वर.

‘जिंकलास. काय हवंय?’

‘वी’ल किक, सर.’

नियम स्पष्ट आहे: कॅप्टननं पहिल्यांदा उच्चारलेली निवड मागे घेता येत नाही. पण त्याला काय म्हणायचंय हे मला माहीत होतं आणि एवढ्याशा पोराला शब्दात पकडणं बरं वाटेना. अंपायर माझ्याकडे बघत होता. म्हणून मी मदत करायला गेलो आणि विचारलं, ‘आत्ता किक करायचीय?’

‘येस सर, आत्ता.’

आता सांगा, तो दुसरं काय म्हणणार? त्याच्या हिशेबानं आत्ता किक आणि नंतर चेंडू. माझ्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर दिलं त्यानं. प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं ते एवढंच: तुझी निवड आत्ता वापरणार की दुसऱ्या हाफला? तेही विचारलं असतं तर यजमानांचे चौघे तिथंच उभे होते, ते म्हणाले असते, रेफरी पढवतोय. दोनदा विचारून दोनदा ‘किक’ आलं, आता तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं विचारू? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय झुलवून किकची खूण केली. डिफरची खूण वेगळी असते, कमरेपुढे दोन्ही हात आडवे फिरवायचे. यजमानांच्या कॅप्टननं हसू दाबत पश्चिमेची बाजू मागितली. चेंडूही त्यांना आणि पाठीवर वाराही त्यांचाच. कार्डावरचा ‘डी’ मी अंगठ्यानं पुसला. पुरता पुसला गेला नाही.

1962 च्या एएफएल या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या फायनलला ह्यूस्टनमध्ये हेच झालं होतं. सामना ओव्हरटाइममध्ये गेला. डॅलस टेक्सन्सच्या अॅबनर हेन्सला कोचनी वाऱ्याची बाजू मागायला सांगितलं होतं. तो म्हणाला, आम्ही त्या मैदानावरच्या घड्याळाकडे किक करू. पहिला शब्द ‘किक’, तोच धरला गेला. बाजू निवडायचा हक्क ह्यूस्टनकडे गेला आणि त्यांनी वारा घेतला. तरी टेक्सन्स 20-17 नं जिंकले, म्हणून आज तो किस्सा हसत सांगता येतो. अलीकडे 2019 मध्ये डॅलसच्याच काउबॉइज संघाच्या डॅक प्रेस्कॉटच्या तोंडून ‘किक’ आणि ‘डिफर’ दोन्ही निघालं. तिथं मध्यंतरात रेकॉर्डिंग ऐकून त्यांना चेंडू मिळाला. आमच्याकडे कसलं रेकॉर्डिंग? मी, अंपायर आणि बँडचा ढोल.

मध्यंतराला पाहुणे 14-7 नं पुढे होते. दुसऱ्या हाफच्या आधी मी त्यांच्या कोचकडे गेलो. ते माझ्याआधीच बोलले, ‘आम्ही चेंडू घेतोय.’ मी सांगितलं, ‘कोच, पहिली निवड त्यांची आहे, त्यांनी चेंडू घेतलाय. तुम्ही बाजू सांगा.’ त्यांचा चेहरा आधी कोरा आणि मग लालबुंद झाला. ‘मी तुम्हाला खोलीत स्पष्ट सांगितलं होतं!’ खरंच सांगितलं होतं. पण खोलीत कोच काय बोलतो ती निवड नसते, मैदानात कॅप्टन बोलतो ती असते. हे मी म्हणालो, आणि म्हणताना मलाच ते एखाद्या कचेरीतल्या बाबूसारखं ऐकू आलं. चार पावलांवर तो पोरगा उभा होता. कोच त्याला काही बोलले नाहीत, नुसते बघितले. मग शांतपणे त्यांनी तिसऱ्या क्वार्टरला वाऱ्याविरुद्धची बाजू घेतली. क्वार्टरअखेर बाजू बदलतात, म्हणजे शेवटची बारा मिनिटं वारा त्यांच्या पाठीशी राहणार. चिडलेल्या माणसाला हे सुचलं, याचं मला अजून कौतुक आहे.

यजमानांनी तो फुकटचा चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केलाच. चौथं क्वार्टर संपलं तेव्हा 21-21.

ओव्हरटाइम, पुन्हा टॉस. हायस्कूलच्या ओव्हरटाइमला दोन्ही संघांना गोलरेषेजवळून एकेक संधी मिळते, आणि इथं डिफर नावाची भानगडच नाही. इथं शहाणपण उलटं: चेंडू आधी समोरच्याला द्यावा. त्यांनी किती केले ते बघून मग आपल्याला किती लागतात ते कळतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत लास व्हेगासला सुपर बाउलच्या ओव्हरटाइममध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं टॉस जिंकून चेंडू घेतला, तीन गुण केले. मग कॅन्सस सिटीला नेमकं काय लागतंय ते माहीत होतं. टचडाउन करून 25-22 नं सामना त्यांनी नेला. टॉसच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंना नवे नियमच ठाऊक नव्हते, हे नंतर त्यांच्याच तोंडून बाहेर आलं. तेव्हा माझ्या सतरा वर्षांच्या पोराला कोण हसणार?

तोच पुढे आला. पुन्हा टेल्स म्हणाला, पुन्हा गरुड. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, ‘डिफेन्स, सर. डि-फेन्स.’ संध्याकाळी सातला चेंडू देऊन टाकणं ही चूक होती, साडेनऊला तीच चाल शंभर टक्के बरोबर.

यजमान अडले, खांबांमधून किक, म्हणजे तीन गुणांचा फील्ड गोल, मारून 24-21. पाहुण्यांचा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, तीन यार्डांवर आला. तिथून किक मारली तर बरोबरी आणि आणखी एक ओव्हरटाइम. टचडाउन केला तर विजय. कोचनी किकरला पाठवलंच नाही. पास उजव्या कोपऱ्यात गेला, कुणाच्या तरी बोटांना लागला आणि जमिनीवर पडला. लाइन जजनं कमरेपुढे दोन्ही हात आडवे फिरवले. अपुऱ्या पासची खूण आणि डिफरची खूण एकच आहे.

सामना संपला की आम्ही मागे वळून न बघता पळत मैदान सोडतो, तशी रीतच आहे. कपडे बदलायच्या खोलीत अंपायर बराच वेळ काही बोलला नाही. मग बूट काढता काढता म्हणाला, ‘अरे, त्याला किक हा शब्द तूच परत दिलास.’ तीस वर्षं या मैदानांवर काढलेला माणूस. मी कार्ड फाडलं.

पुढच्या शुक्रवारी दुसरं गाव, दुसरे संघ. नाणं पडलं, जिंकलेल्या मुलाकडे वळून मी आठवडाभर घोकलेला प्रश्न अगदी सावकाश विचारला: ‘तुमची निवड आत्ता वापरणार की दुसऱ्या हाफला?’

पोरगा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘हेड्स.’