रिकाम्या टेबलवरची शांतता

"साहेब, जड जॉब लावल्यावर पण असाच शांत राहील ना?" मशीनच्या सर्वो मोटरचं ट्यूनिंग, म्हणजे कंट्रोलचे आकडे जुळवणं, संपल्यावर ऑपरेटरने विचारलं (जॉब म्हणजे टेबलवर बसवायचा कामाचा तुकडा) आणि तेच डोक्यात बसलंय.

त्याआधी अ‍ॅक्सिस, म्हणजे मोटरने सरकणारी टेबलची स्लाइड, जागेवर उभा असूनही गुणगुणत होता. ऑटो ट्यूनिंग झालेलं, स्क्रीनवर एरर जवळपास शून्य, पण स्लाइडवर हात ठेवला की बोटांना सरळ झिणझिण्या. मग हातानेच घेतलं. इंटिग्रल (साचत गेलेली चूक भरून काढणारा भाग) बंद, पोझिशन गेन (जागेची चूक किती जोराने सुधारायची तो आकडा) खाली, आणि व्हेलॉसिटी गेन (तेच वेगासाठी) थोडा थोडा चढवत न्यायचा, सलग थरथर सुरू झाली की तिथून निम्म्यावर यायचं, झिगलर-निकोल्सची 1942 ची पद्धत, पहिला अंदाज म्हणून अजूनही मस्त चालते. एक बारीक शिट्टी मात्र जाईना, ती कपलिंगच्या (मोटरला पुढे जोडणारा भाग) रेझोनन्सची, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला वाढणाऱ्या थरथरीची, तिथे नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा) टाकला तेव्हा गेली.

पण त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. जड जॉब बसला की इनर्शिया (जडत्व) वाढतो, रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी खाली सरकते, नॉच राहतो जुन्याच फ्रिक्वेन्सीवर. आणि आपण ट्यून करतो बहुतेक वेळा रिकामं टेबल! जो माणूस रोज मशीनजवळ असतो त्याला हे आधी विचारायलाच हवं, सगळ्यात जड जॉब कोणता, सगळ्यात हलका कोणता.

तुम्ही दोन्ही लोडवर तपासता का, की जडवर ट्यून करून हलक्याला गेन कमी ठेवता?