सातबारा आणि आठवी ब

रयतवारी, म्हणजे सरकारनं थेट शेतकऱ्याकडून शेतसारा घ्यायची इंग्रजांची पद्धत, शिकवायची म्हटलं की आठवीची पोरं जांभया द्यायला लागतात, त्यांचा दोष नाही, पुस्तकातले चार मुद्दे वाचून मलाही झोप येते. म्हणून यंदा म्हटलं घरून सातबाऱ्याची झेरॉक्स आणा. अकरा जणांनी आणली, एकीवर तर चहाचा डाग. त्यातला आकारणीचा, म्हणजे शेतसाऱ्याचा, रकाना दाखवला, तीन रुपये चाळीस पैसे, वर्ग हसायलाच लागला, "सर एवढ्यात वडापाव पण येत नाही!"

मग सांगितलं की १८१८ ला पेशवाई गेली, नंतर प्रिंगल नावाच्या इंग्रज साहेबानं जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के शेतसारा ठरवला, तो इतका डोईजड झाला की लोक जमिनी टाकून निघून गेले, मग १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातनं नवी मोजणी काढली, जमिनीचा कस आण्यांत लावायचा (उत्तम जमीन सोळा आणे, हलकी त्याहून कमी) आणि साऱ्याचा दर ३० वर्षांसाठी पक्का. पण सारा रोखीत, पाऊस पडो न पडो, म्हणजे सावकाराचं दार आलंच.

१८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली इथपर्यंत आलो आणि मागच्या बाकावरनं आवाज, "बरं केलं सर!" आता हे पेपरात लिहिलं तर मार्क किती द्यायचे, तेवढ्यात घंटा झाली.